परीक्षा सगळ्यांची, समुद्र पुरुषांचा

पालीत बसून यॉटच्या कप्तानाबद्दल लिहायचे म्हटल्यावर काही मैत्रिणींना हसू येईल. बल्लाळेश्वराच्या या गावातून समुद्र दिसत नाही. दिसते ती अंबा नदी, आणि तीही पावसाळ्यात पुलावरून वाहू लागली की आमचा रस्ता अडवणारी. पण हीच अंबा नागोठण्यावरून धरमतरच्या खाडीत उतरते आणि रेवसपाशी समुद्राला मिळते. तिथून जवळच मांडव्याचा धक्का आहे. गेटवेवरून येणाऱ्या लाँचा, २०२० च्या मार्चपासून भाऊच्या धक्क्यावरून गाड्या घेऊन येणारी रो-रो बोट आणि त्यांच्या अवतीभवती श्रीमंतांच्या पांढऱ्याशुभ्र यॉट. यॉट म्हणजे हौसेने फिरण्यासाठी ठेवलेली शिडाची किंवा इंजिनाची नौका. ती भाड्यानेही मिळते, तिच्यावर वाढदिवस होतात, लग्नाचे फोटो निघतात.

रायगडच्या गावांना गेली काही वर्षे सांगितले जात आहे की समुद्रावरचे पर्यटन आले की रोजगार येईल. येईलही. पण कुणाला कोणता? मुलगा डेकवर दोर ओढेल, पुढे खलाशी, मग सारंग होईल. मुलगी आतल्या खोल्या झाडेल, चादरी बदलेल, पाहुण्यांना सरबत देईल. ही काही फक्त कोकणातली रीत नव्हे. जगभरच्या यॉटवर कामाची वाटणी अशीच असते. बाहेर सुकाणू आणि शीड पुरुषाकडे, आत स्वयंपाकघर आणि स्वागत बाईकडे. घर पाण्यावर तरंगू लागले तरी त्याचा उंबरठा जागचा हलत नाही.

म्हणून हा प्रश्न आपला आहे. बोट चालवण्याचा परवाना कोण देते? त्यासाठी काय मागते? आणि जे मागते ते आपल्या मुलींपाशी कधी असू शकते का?

या लेखाचे म्हणणे सुरुवातीलाच सांगते. कोणत्याही देशातला, पोटापाण्यासाठी उपयोगी पडणारा परवाना घ्या, त्याचे दोन भाग असतात. एक परीक्षा आणि दुसरा समुद्रावर काढलेले दिवस. परीक्षेचे दार आज कायद्याने सर्वांना उघडे आहे. दिवसांचे दार कायद्याच्या हातात नाही. ते बोटमालकाच्या, तांडेलाच्या, बापाच्या आणि नवऱ्याच्या हातात आहे. बाईला बंदी करणारे एकही कलम न लिहिता समुद्र पुरुषांचा ठेवता येतो, तो या दुसऱ्या दारामुळे.

एकच मुलगी, निरनिराळे देश

समजा, नागोठण्याची एक मुलगी आहे. बारावी झालेली, १८ वर्षांची, पोहता येणारी, खाडीची भरती-ओहोटी लहानपणापासून अंगात मुरलेली. तिला बोट चालवायची आहे. तिला वेगवेगळ्या देशांत जन्माला घालून पाहू.

फ्रान्समध्ये ६ अश्वशक्तीपेक्षा मोठ्या इंजिनाची होडी समुद्रात न्यायची तर परवाना लागतो. वयाची १६ वर्षे पुरी हवीत. एक लेखी परीक्षा आणि साडेतीन तासांचे प्रात्यक्षिक, त्यातले २ तास प्रत्यक्ष सुकाणू हातात. बस्स. समुद्रावर आधी किती दिवस काढलेस, असे कुणी विचारत नाही. आसऱ्याच्या जागेपासून ६ सागरी मैलांपर्यंत ती फिरू शकते. त्यापलीकडे जायचे तर आणखी एक परीक्षा. शिडाच्या होडीला तर परवानाच लागत नाही. जर्मनीत १५ अश्वशक्तीच्या वर इंजिन गेले की लेखी आणि प्रात्यक्षिक अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. तिथेही दिवसांचा हिशोब नाही. पण हे कागद स्वतःच्या हौसेसाठी. पैसे घेऊन माणसे न्यायची तर वेगळे, व्यावसायिक प्रमाणपत्र लागते.

इंग्लंडमध्ये स्वतःची बोट स्वतः चालवायला कोणताच परवाना नाही. विकत घ्या आणि निघा. मात्र त्यावर पोट भरायचे असेल तर रॉयल यॉटिंग असोसिएशनचे ‘यॉटमास्टर’ प्रमाणपत्र हे त्याचे रुळलेले दार आहे. किनाऱ्यापासून दूर जाणाऱ्या यॉटमास्टरच्या परीक्षेला बसण्याआधी ५० दिवस समुद्रावर काढलेले हवेत, २,५०० सागरी मैल झालेले हवेत. त्यात प्रत्येकी ६० मैलांहून लांबचे ५ प्रवास, त्यांपैकी २ रात्र समुद्रावर काढून आणि २ स्वतः कप्तान म्हणून केलेले. त्यानंतर परीक्षक बोटीवर येतो आणि एका उमेदवाराची परीक्षा ८ ते १२ तास घेतो. अंधारात बंदरात शिरायला लावतो, माणूस पाण्यात पडला असे समजून बोट वळवायला लावतो. परीक्षा अशीच हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

अमेरिकेत पैसे देणारे ६ पर्यंत प्रवासी न्यायचे तर तटरक्षक दलाकडून परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी ३६० दिवस मागतात. दिवसातले किमान ४ तास बोट चालती असली पाहिजे, आणि त्यांतले ९० दिवस गेल्या ३ वर्षांतले हवेत. इथे एक सवलत आहे. बोट घरची असेल तर मालकीचा पुरावा जोडून हे दिवस आपले आपणच लिहून देता येतात. ज्याच्या बापाची बोट, त्याचे बालपणही नोकरीच्या अनुभवात जमा होते.

आणि आपल्याकडे? मुंबई बंदर आणि खाड्यांतल्या लाँचांना अंतर्गत जलवाहतुकीचा कायदा लागू होतो. १९१७ साली इंग्रजांनी केलेला कायदा शंभराहून अधिक वर्षे चालला. त्याच्या जागी २०२१ चा नवा कायदा आला. पहिल्या आणि दुसऱ्या दर्जाचा मास्टर, सारंग, इंजिन ड्रायव्हर अशी प्रमाणपत्रांची उतरंड १९१७ पासूनची आहे. तिच्या पायथ्याशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे खलाशी म्हणून केलेली नोकरी. आधी डेकवर वर्षे काढा, मालकाचा दाखला आणा, मग परीक्षा. आमच्या नागोठण्याच्या मुलीला खलाशी म्हणून कोण घेणार? ती अर्ज करू शकते, कायदा तिला अडवत नाही. कायद्याने अडवण्याची गरजच पडत नाही.

मोठ्या जहाजांचा एक जागतिक करार आहे, १९७८ सालचा. खलाशांचे आणि अधिकाऱ्यांचे प्रशिक्षण कसे असावे, हे तो ठरवतो. १९९५ आणि २०१० मध्ये त्यात मोठे बदल झाले. जहाजावर पहारा सांभाळणारा अधिकारी व्हायचे तर मान्यताप्राप्त प्रशिक्षणासह १२ महिने समुद्रावर काढावे लागतात, तसे प्रशिक्षण नसेल तर ३६ महिने. या कराराने कुणाला वगळले आहे, ते वाचण्यासारखे आहे. युद्धनौका आणि मासेमारी नौका वगळल्या. व्यापारासाठी नसलेल्या हौशी यॉट वगळल्या. आणि ‘प्राथमिक बांधणीची लाकडी जहाजे’ वगळली. म्हणजे एका टोकाला धनिकाची यॉट आणि दुसऱ्या टोकाला आपले मचवे आणि पडाव, दोघेही जगाच्या नियमाबाहेर! त्यांचे काय करायचे ते ज्याच्या त्याच्या देशाने पाहावे. एकाला बाहेर ठेवले ते त्याच्या स्वातंत्र्याचा मान राखण्यासाठी. दुसऱ्याला बाहेर ठेवले, कारण त्यात बसणाऱ्यांची दखल घ्यावी असे कुणाला वाटले नाही.

दिवस कोण देतो?

या तुलनेतून एक गोष्ट स्पष्ट होते. हौसेचा परवाना तासांवर मिळतो, भाकरीचा परवाना दिवसांवर. आणि दिवस मिळवण्याचे जगात चारच मार्ग आहेत. घरची बोट, खिशातला पैसा, नोकरी देणारा मालक किंवा सरकार.

घरच्या बोटीचा विचार करू. रायगडच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या घरी बोट असते, पण ती मुलाकडे जाते. मुलगी मासळी निवडते, सुकवते, पाटी डोक्यावर घेऊन बाजाराला जाते, जाळे शिवते, डिझेलच्या उधारीचा हिशोब ठेवते. अख्खा धंदा तिच्या खांद्यावर उभा असतो, पण बोटीत पाऊल ठेवायचे म्हटले की ‘बाईची अडचण’ आड येते. पाळीच्या विटाळाने जाळे रिकामे येते, अशी समजूत आजही घरोघर आहे. ज्या समुद्रात जाताना एकवीरा आईच्या नावाने हाक घालतात, त्याच समुद्रात आईच्या लेकीला जागा नाही.

दुसरा मार्ग पैशाचा. इंग्लंडमध्ये मैल कमी पडले तर ते भरून काढण्यासाठी प्रवास विकत मिळतात. पैसे भरा, बोटीवर चढा, वहीत मैल लिहून घ्या. आपल्या तालुक्यातल्या किती घरांत मुलीच्या शिक्षणासाठी असा पैसा निघेल, हे तुम्हीच सांगा. तिसरा मार्ग मालकाचा, आणि मालकाला ‘नसती भानगड’ नको असते. रात्री कुठे झोपेल, लघवीला कुठे जाईल, खलाशांपैकी कुणी काही केले तर जबाबदारी कुणाची? हे प्रश्न खरे आहेत. पण त्यांचे उत्तर म्हणून मुलीलाच घरी बसवायचे, ही पुरुषप्रधान व्यवस्थेची जुनीच युक्ती आहे. दोष बोटीत असतो, शिक्षा मुलीला होते.

उरतो चौथा मार्ग. तो वापरला तेव्हा काय घडले, ते आपल्या डोळ्यांसमोर आहे.

गोव्यात बांधलेल्या ‘तारिणी’ या शिडाच्या बोटीवरून नौदलाच्या ६ अधिकारी महिला १० सप्टेंबर २०१७ रोजी निघाल्या आणि पृथ्वीला प्रदक्षिणा घालून २१ मे २०१८ रोजी परतल्या. वर्तिका जोशी या कप्तान होत्या. पुढे दिलना के. आणि रूपा ए. या दोघींनीच तीच बोट २ ऑक्टोबर २०२४ रोजी गोव्याहून काढली आणि २९ मे २०२५ रोजी परत आणली. या बायका काही जन्मतः समुद्रपक्षी नव्हत्या. पहिल्या तुकडीला २००९-१० मध्ये एकट्याने जगप्रदक्षिणा करणाऱ्या दिलीप दोंदे यांनी शिकवले. ‘म्हादेई’ बोटीवर सराव झाला, मॉरिशसपर्यंतचे प्रवास झाले. नौदलाने बोट दिली, शिक्षक दिला आणि पगारी दिवस दिले. बाकीचे त्यांनी स्वतः केले.

याच्या शेजारी ट्रेसी एडवर्ड्सची हकीगत ठेवा. इंग्लंडच्या या मुलीला १९८५-८६ च्या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत बोटीवर जागा मिळाली ती स्वयंपाकीण म्हणून. पुढच्या शर्यतीसाठी तिने फक्त बायकांचा चमू उभारला, घर गहाण टाकून जुनी बोट घेतली, तिचे नाव ‘मेडन’ ठेवले. १९८९-९० च्या त्या शर्यतीत या बायकांनी आपल्या गटात दोन टप्पे जिंकले आणि एकूण दुसरा क्रमांक मिळवला. त्यानंतर तिला जो मोठा सन्मान मिळाला, त्याचे नावच ‘यॉट्समन ऑफ द इयर’ होते. बक्षीस देतानाही तिला पुरुष व्हावे लागले! तिचे कौतुक करावे तेवढे थोडे. पण घर गहाण टाकून दिवस विकत घ्यावे लागणे ही व्यवस्थेची नामुष्की आहे. गहाण टाकायला जिच्या नावावर घरच नाही, तिने काय करायचे?

राधिका मेनन यांनी ‘सुवर्ण स्वराज्य’ या तेलवाहू जहाजाचे कप्तानपद सांभाळले, ते शिपिंग कॉर्पोरेशन या सरकारी कंपनीत. ‘संपूर्ण स्वराज्य’ जहाजाच्या कप्तान असताना त्यांनी २०१५ च्या जूनमध्ये बंगालच्या उपसागरात खवळलेल्या समुद्रातून ७ मच्छीमारांना वाचवले आणि २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा शौर्य पुरस्कार मिळवला. साताऱ्याच्या सुरेखा यादव रेल्वेत इंजिन चालवायला शिकल्या, १९८० च्या दशकाच्या शेवटी. रेल्वेने शिकवले म्हणून शिकल्या. आपल्या एसटीचेही तसेच. बाई कंडक्टर म्हणून वर्षानुवर्षे तिकिटे फाडत होती, पण ड्रायव्हरच्या जागेवर बसायला २०२३ साल उजाडावे लागले. तेही कधी जमले? अवजड वाहन चालवण्याच्या अनुभवाची अट महिलांसाठी शिथिल करून महामंडळाने स्वतःच्या गाड्यांवर स्वतः प्रशिक्षण दिले, तेव्हा. अवजड गाडीचा अनुभव बाईने आणायचा कुठून, हा साधा प्रश्न कुणीतरी विचारला आणि कुलूप निघाले.

हीच किल्ली समुद्राला का लागत नाही?

नियम सैल करा, असे आम्ही म्हणत नाही

या मागणीवर पहिला आक्षेप ठरलेला असतो. “बायकांसाठी नियम ढिले केले तर अपघात होतील.” याचे उत्तर ठणकावून दिले पाहिजे, कारण अपघातांत मरणाऱ्यांत आपण आहोत.

१७ जुलै १९४७, गटारी अमावास्येचा दिवस. भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. सणासाठी घरी निघालेली रायगडची माणसे. आमच्या जिल्ह्यात आजही जुन्या घरांतून त्या दिवसाची आठवण निघते. १४ मार्च २०२० रोजी मांडव्याजवळ प्रवासी बोट बुडू लागली, तेव्हा पोलिसांच्या गस्ती नौकेने ८८ जणांना वाचवले. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ला इंजिनाची चाचणी घेत असलेल्या नौदलाच्या वेगवान बोटीने धडक दिली आणि १५ जीव गेले. धडक नौदलाच्या बोटीची होती. पण नीलकमलवर परवान्यापेक्षा जास्त माणसे होती आणि बहुतेकांच्या अंगात जीवरक्षक जाकीट नव्हते, हेही त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिले.

तेव्हा कठोर परीक्षा आम्हालाच हवी आहे. पाटी घेऊन लाँचमध्ये बसणारी कोळीण, माहेरी निघालेली लेकुरवाळी, कॉलेजची पोर, यांच्या जिवाची किंमत यॉटवरच्या पाहुण्याइतकीच आहे. इंग्लंडसारखा परीक्षक इथेही बोटीवर चढला पाहिजे आणि त्याने अंधारात धक्का गाठायला लावला पाहिजे. आमची मागणी नियम सैल करण्याची नाही, नियम पुरा करण्याची संधी देण्याची आहे. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो मुद्दाम पुसला जातो.

दुसरा आक्षेप असा की बाईला समुद्र झेपत नाही. तारिणीनंतर या आक्षेपाला उत्तर देत बसण्यात शाई घालवण्याचे कारण नाही.

तिसरा आक्षेप आपल्याच चळवळीतून येतो. “यॉट म्हणजे श्रीमंतांचे चोचले. कष्टकरी बाईचा त्याच्याशी काय संबंध?” हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. श्रीमंतांच्या बंगल्यांत धुणीभांडी करायला आपल्या बाया जातातच, तेव्हा हा संबंध कुणी विचारत नाही. धक्के वाढणार आहेत, बोटी वाढणार आहेत. त्यांतली पगाराची आणि मानाची कामे कुणाकडे जाणार, हे आज ठरते आहे. आपण आज दूर राहिलो तर उद्या फरशी पुसण्याचे काम मात्र हमखास आपल्या वाट्याला येईल. आणि सारंगाचा परवाना यॉटपुरता नसतो. तो प्रवासी लाँचला लागतो, खाडीतल्या तरीला लागतो. पुरात अडकलेल्या गावात यांत्रिक बोट न्यायची वेळ आली तर तिथेही शिकलेले हात लागतात.

चौथा आक्षेप किनाऱ्यावरच्या भावांचा. “आमच्याच पोटावर पाय देता का?” नाही, उलट इथे त्यांचे आणि आपले दुखणे एकच आहे. चाळीस वर्षे समुद्र वाचलेला तांडेल कागद नाही म्हणून मागे राहतो, आणि बाहेरून प्रमाणपत्र घेऊन आलेला कप्तान पांढऱ्या गणवेशात त्याच्यावर हुकूम चालवतो. कागद देणारी व्यवस्था त्याचेही दिवस मोजत नाही. मोजणी न्याय्य व्हावी, ही मागणी तांडेलाने आणि त्याच्या लेकीने मिळून करण्यासारखी आहे.

न मोजलेले दिवस

शेतात राबणाऱ्या बाईची जनगणनेत ‘काम करत नाही’ अशी नोंद होते, याविरुद्ध स्त्री चळवळीने आवाज उठवला. समुद्रावरही तोच प्रकार आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बाया पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात, स्वतः वल्ही मारतात, भरती-ओहोटी पाहून वेळ ठरवतात. केरळात त्रिशूर जिल्ह्यातल्या के. सी. रेखा नवऱ्याबरोबर खोल समुद्रात मासेमारीला जातात. मदतीला येणारे खलाशी मिळेनात म्हणून त्या गेल्या आणि तरबेज झाल्या. पुढे त्यांना रीतसर परवानाही मिळाला. रायगडच्या खाड्यांत कालवे आणि तिसऱ्या काढणाऱ्या बायांना चिखलातली प्रत्येक वाट ठाऊक असते. यांचे दिवस कुणाच्या वहीत लिहिले जातात? अमेरिकेत घरच्या बोटीवर घालवलेला दिवस अनुभव म्हणून जमा होतो, आणि वेंगुर्ल्याची बाई हजार खेपा करूनही खलाशाच्या नोकरीचा दाखला आणू शकत नाही.

जगभरच्या व्यापारी जहाजांवर प्रमाणपत्रधारक स्त्रिया किती, याची मोजणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. २४,०५९. म्हणजे शंभरात सव्वा. परीक्षा सर्वांना खुली असताना हा आकडा का, याचे उत्तर परीक्षेच्या खोलीत नाही. ते बोटीवर आहे. बोटीवर होणाऱ्या छळाची दखल घ्यायलाही जगाला फार उशीर लागला. त्या १९७८ च्या करारात लैंगिक छळ, दादागिरी आणि हिंसा कशी रोखायची, याचे शिक्षण प्रत्येक खलाशाला देण्याची अट २०२४ मध्ये घातली गेली आणि ती १ जानेवारी २०२६ पासून लागू झाली. हे चांगलेच झाले. पण आपल्या लाकडी लाँचा त्या कराराच्या बाहेर आहेत. तिथे आपल्याला २०१३ चा आपला कायदा वापरावा लागेल. दहापेक्षा कमी माणसे काम करतात तिथली तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे नेता येते. चार खलाशांची बोट हीसुद्धा कामाची जागा आहे, हे त्या समितीलाही सांगावे लागेल आणि बोटमालकालाही.

आमच्या मागण्या

एक. महाराष्ट्र सागरी मंडळाने (ते १९९६ च्या कायद्याने स्थापन झाले आहे) रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांसाठी स्वतःच्या प्रशिक्षण-लाँचा ठेवाव्यात. त्यावर मुलींना विद्यावेतनासह खलाशी म्हणून दिवस द्यावेत आणि ते दिवस सारंगाच्या परीक्षेसाठी ग्राह्य धरावेत. एसटीला जे जमले ते मंडळाला जमले पाहिजे.

दोन. ज्या कंपन्यांना प्रवासी जलवाहतुकीचे किंवा यॉट भाड्याने देण्याचे परवाने मिळतात, त्यांनी दर वर्षी ठरावीक संख्येने स्थानिक मुलींना डेकवरच्या कामाचे शिकाऊ म्हणून घ्यावे, अशी अट परवान्यातच घालावी. डेकवरच्या, स्वागतकक्षातल्या नव्हे.

तीन. होडी, मचवा किंवा मासेमारीच्या बोटीवर प्रत्यक्ष काम करणाऱ्या स्त्रीपुरुषांसाठी नोंदवही सुरू करावी. २०२१ च्या कायद्यात इंजिन नसलेल्या नौकांच्या नोंदीचे काम जिल्हा, तालुका आणि गाव पातळीवरच्या स्थानिक स्वराज्य संस्थांकडे देण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात या संस्थांत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. होडीची नोंद करताना ती कोण चालवते, हा रकानाही भरा. त्यात बाईचे नाव लिहायला कोणत्याही मंत्र्याची परवानगी लागत नाही.

चार. प्रवासी बोटीवर आणि धक्क्यावर बायकांसाठी संडास आणि कपडे बदलण्याची जागा असल्याशिवाय बोटीला तपासणीचा दाखला देऊ नये. ही काही चैन नाही. जिथे बाई आठ तास लघवी रोखून धरते, तिथे ती काम करू शकत नाही.

पाच. परीक्षा कठोर आणि बोटीवरच व्हावी. तिचे माध्यम मराठी असावे. अभ्यासाची पुस्तके मराठीत छापावीत. ओहोटीला ‘एब’ म्हणता आले नाही म्हणून कुणी नापास होऊ नये.

यातली तिसरी मागणी आपल्या हातातली आहे. पाली, नागोठणे, रोहा, मुरूड, अलिबाग, श्रीवर्धन, जिथे जिथे खाडी गावाला शिवते, तिथल्या मैत्रिणींनी येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडावा. आधी गावात किती होड्या आहेत आणि त्यांत किती बाया काम करतात, याची साधी यादी करा. शाळेच्या वहीच्या पानावर केली तरी चालेल. नाव, वय, होडीचा प्रकार, वर्षातून किती दिवस. ठरावाची नक्कल सागरी मंडळाला पाठवा, एक स्वतःपाशी ठेवा, आणि एक आमच्याकडे पाठवा. मंडळ उद्या म्हणेल की अशा बायका आहेतच कुठे. त्या वेळी आपल्या हातात नावे असली पाहिजेत.